शेऱ्याचा रकाना

रविवार, १० ऑक्टोबर १९९९

छापलं! सगळं छापलं!

विहाराच्या मागच्या मंडपात तिसऱ्या रांगेत बसून मी माझ्याचबद्दल वाचत होते — प्रज्ञा कारभारी भिंगारदिवे, केडगाव, बी.ए., एलएल.बी., उंची पाच फूट दोन, रंग निमगोरा. (निमगोरा ही आईची मेहेरबानी.) इथवर चाललं असतं. पण शेवटी एक रकाना — 'शेरा'. आणि त्यात — "वकिली तात्पुरती. लग्नानंतर सोडेल."

कोण सोडणार? मी? कधी म्हणाले?

आमच्या बौद्ध समाजाच्या वधूवर मंडळानं यंदा पहिल्यांदाच मुलामुलींची सूची कॉम्प्युटरवर केली. आज तिचं प्रकाशन. मंडळाचे अध्यक्ष पुंजाराम गुरुजी माईकवरून पुन्हा पुन्हा सांगत होते — "आपण एकविसाव्या शतकात चाललो आहोत!" आणि खाली मंडपात लोक नाव-गाव-शिक्षण सोडून नुसता शेवटचा रकाना वाचत होते. "आईला फिट येतात." "पहिलं लग्न सहा महिन्यांत मोडलं." "मुलगी तोंडानं फटकळ." मंडळाच्या चार माणसांनी आपसांत ठेवायच्या गोष्टी! मुलांची पानं उघडून बघितली तर जवळजवळ सगळ्यांचा शेरा एकच — 'निर्व्यसनी'. नगर जिल्ह्यात इतके निर्व्यसनी आहेत हे एक्साईज खात्याला कळवायला हवं.

माझ्या पुढच्या रांगेत हिरव्या साडीतली एक मुलगी होती. तिनं पान उलटलं, थांबली, पुस्तिका मिटली आणि उठून सरळ गेटाबाहेर गेली. मागून तिचे वडील, चपला हातात घेऊन. तिला बघून माझा स्वतःपुरता राग जरा ओशाळला.

सोमवार, ११ ऑक्टोबर

आईशी भांडण.

"मीच सांगितलं गुरुजींना. मग काय सांगू? वकिलीण म्हटलं की पोराकडचे चहा अर्धा टाकून उठत्यात."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"खोटं कशापायी? कारखान्यात लागलीस की सुटलीच की वकिली!"

म्हणजे ठरलंसुद्धा! कारखान्याचं असं — अण्णांच्या एका ओळखीतून साखर कारखान्यात कायदा अधिकाऱ्याची जागा चालून आली आहे. क्वार्टर आहे, न्यायला जीप येणार. १७ डिसेंबरपर्यंत होकार कळवायचा. ज्या माणसानं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडत नोकरी संपवली, त्याला लेकीला जीप न्यायला येणार याचं केवढं अप्रूप! अण्णा बोलत काहीच नाहीत. नुसतं ते पत्र उघडतात, वाचतात, पुन्हा घडी घालतात. आईशी मी तास तास भांडू शकते. अण्णांना नाही म्हणायची माझी छाती होत नाही.

बुधवार, १३ ऑक्टोबर

कोर्टात आज दिवसभर अपघाताच्या क्लेमची तारीख. समोरचा वकील आलाच नाही.

मला काय हवंय ते एकदा इथं तरी नीट लिहून ठेवते. गेल्या वर्षी पुण्यात कॉम्प्युटर आणि कायदा यावर दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथं एक बाई बोलल्या — माणसाची माहिती एका जागी गोळा व्हायला लागली आहे, बँकेत, दवाखान्यात, टेलिफोनच्या खात्यात. ती फुटली की माणसं वकील शोधत येतील आणि तेव्हा या विषयातले वकील मिळणार नाहीत. झालं! परतीच्या एसटीत शिरूर येईपर्यंत माझं ठरलं होतं. तेव्हापासून मिळेल ते वाचते. टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात म्हटलंय की खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग. दिल्लीत कॉम्प्युटरसाठी कायदा करायचं चाललंय. येईल. नक्की येईल!

पण नगरच्या बाररूममध्ये मला 'फ्लॉपीबाई' म्हणतात. माझे सीनियर, राधाकृष्ण खर्डेकर, मनानं चांगले, पण तेही — "प्रज्ञा, आधी या जिल्ह्यातली बांधावरची भांडणं संपू दे. मग बघू तुझ्या कॉम्प्युटरकडं." सगळे हसतात. मीही हसते. आणि घरी येऊन भांडी आपटते.

शनिवार, १६ ऑक्टोबर

हिरव्या साडीतली मुलगी आली! आपणहून, संगमनेरहून एसटीनं, पत्ता विचारत.

शुभांगी नाव. तिथल्या एका डेअरीत दुधाची फॅट तपासायच्या लॅबमध्ये आहे. म्हणाली, "सूचीत तुमचं वाचलं. लग्नानंतर सोडणार असं लिहिलंय. म्हटलं, सोडायच्या आत गाठावं." तिच्या या बोलण्यावर मी फिदाच झाले.

मग तिनं पुस्तिका उघडून माझ्यापुढं ठेवली. तिचा शेरा — "अंगावर कोड. झाकलेलं."

पाठीवर आहे, म्हणाली. श्रीरामपूरकडचं स्थळ जमत आलं होतं. त्यांच्या हातात सूची पडली, निरोप आला — नको. डेअरीतल्या बाया आता तिच्या हातांकडं बघतात, कपबशी वेगळी ठेवतात. "मी त्याला सांगणारच होते हो ताई. त्याला एकट्याला, समोर बसून. कसं सांगायचं ते आरशापुढं म्हणून बघितलं होतं. आता माझ्याकडं सांगायला काही ठेवलंच नाही ह्यांनी."

विचारलं, घराबाहेर कोणाला माहीत होतं?

"फक्त मावशीला. तिनं केडगावच्या एका बाईंना सांगितलं. विहाराच्या पायरीवर बसून, विश्वासानं. त्या बाई म्हणे सोयरिकी जुळवतात."

केडगावात आमच्या समाजात सोयरिकी जुळवणारी बाई एकच आहे. आक्काबाई भिंगारदिवे. त्या वेळी ती आत चहा गाळत होती.

सांगून टाकलं शुभांगीला. लपवलं असतं तर मी वकील कसली? म्हटलं, माझ्या आईकडूनच हे पुढं गेलं, तू दुसरा वकील बघ. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मग तर तुम्हीच घ्या. तुम्हाला दोन्हीकडचं दुखंल."

बुधवार, २० ऑक्टोबर

नितीनच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन आले. सूची त्यानंच तयार केली.

"शेऱ्याचा रकाना प्रिंटला झाकायचा होता ताई. गुरुजींनी सांगितलं पण होतं. गडबडीत राहून गेलं."

"आणि ही माहिती अजून कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? पाचही मशीनवर! पोरं सॉर्टिंग शिकतात तिच्यावर. प्रॅक्टिकलला खरी माहिती असली की बरं पडतं."

कोपऱ्यातल्या मशीनवर खरंच दोघेजण समाजातल्या मुली उंचीप्रमाणे लावत बसले होते!

"पासवर्ड काय आहे?"

"जयभीम. सगळ्यांच्या लक्षात राहतो."

मला हसू आवरेना. पण शुभांगीचं सांगितल्यावर नितीन पांढराफटक पडला. वाईट नाही तो. कोणीच वाईट नाही यात, हीच पंचाईत! पूर्वी या गोष्टी आईच्या डोक्यात असायच्या. कुठल्या घरी काय बोलायचं, कोणापुढं गप्प राहायचं, हे तिला बरोबर कळायचं. ती कोणाच्या तरी कानात बोलायची आणि तिथंच ते संपायचं. गुरुजींनी ते डोक्यातलं काढून मशीनमध्ये घातलं. मशीनला गप्प बसवायचं असतं हे कोणाला सुचलंच नाही.

पाचही मशीनवरून माझ्यासमोर पुसायला लावलं. फ्लॉपी मात्र गुरुजींच्या कपाटात आहे.

सोमवार, २५ ऑक्टोबर

दाव्याचा मसुदा खर्डेकर सरांपुढं ठेवला. वाटलं, हसतील. हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

"लाव दावा. पण काय छापलं ते दाव्यात लिहावं लागंल ना? पुकारा होईल, बाकावर पन्नास माणसं असतील. समोरचा उभा राहून विचारील — बाई, कोड आहे का नाही? खोटं असतं तर बदनामी म्हणून भांडलो असतो. हे खरं आहे, प्रज्ञा. पोरीला आणखी उघडी पाडशील."

वर्षभर वाचलं आणि एवढं साधं लक्षात आलं नाही — जी गोष्ट झाकायची तीच कोर्टात मोठ्यानं वाचावी लागणार!

शुभांगीला फोन केला, डेअरीजवळच्या एसटीडीवर. ती म्हणाली, "हळू बोला ताई, बूथवाला कान देऊन बसलाय." मग म्हणाली, "कोर्ट नको तर नको. बाहेर काय होतं ते बघा. पण काहीतरी करा."

गुरुवार, २८ ऑक्टोबर

अण्णांनी विचारलं, कारखान्यात जाताना दोन साड्या नवीन लागतील ना? मी म्हटलं, बघू. बघू!

रविवार, ३१ ऑक्टोबर

मंडळाची बैठक. मी शुभांगीच्या वतीनं रीतसर नोटीस दिली होती. गुरुजी भयंकर तापलेले.

"समाजाचं काम पदरमोड करून करायचं आणि घरच्याच पोरीनं नोटीस धाडायची! कोणत्या कलमाखाली?"

कलम! मी घटनेचं एकविसावं कलम सांगितलं, सुप्रीम कोर्ट सांगितलं. सगळे गप्प, पण पटल्यामुळं नाही, कंटाळून. मग काय झालं कोण जाणे, मी खडू उचलला आणि फळ्याकडं गेले. "गुरुजी, तुमच्या घरचा शेरा लिहू का? मला माहीत आहे. इथं प्रत्येकाच्या घरचा प्रत्येकाला माहीत आहे. लिहू सगळ्यांचे?"

कोणी मान वर करेना.

तेवढ्यात मागून आई उठली. मला माहीतही नव्हतं ती आलीय.

"संगमनेरच्या पोरीचं मीच सांगितलं गुरुजींना. कानात सांगितलं हुतं, कागदावर न्हाई. का सांगितलं? उद्या पोराकडच्यांनी फसवलं म्हणू नये म्हणून. पन तिला इचारलं न्हाई मी. लई जनींच्या सोयरिकी जमवल्या, कुनालाच इचारलं न्हाई कदी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माज्या पोरीलापन न्हाई."

मी खडू खाली ठेवला.

ठरलं ते असं. गेलेल्या पुस्तिका घरोघर जाऊन परत आणायच्या आणि शेऱ्याचा रकाना कापून काढायचा. फ्लॉपी पुसायची. यापुढं शेरा बंद; ज्याला जे सांगायचंय ते त्यानं डिसेंबरच्या परिचय मेळाव्यात स्वतः माईकवर सांगावं. गुरुजींनी सही केली, पण पेन असं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

रविवार, १४ नोव्हेंबर

आज झेंडीगेटला लालमहंमदभाईंच्या प्रेसमध्ये. सूची त्यांच्याकडंच छापली होती, म्हणून कापायलाही त्यांचंच कटिंग मशीन. पोत्यात भरून पुस्तिका आल्या होत्या.

पहिला गठ्ठा मशीनखाली लावला आणि भाई थांबले. "गुरुजी, एक गडबड हाय. पुढच्या पानावर मुली, पाठीमागं मुलं. इकडून मुलींचा शेरा कापला की तिकडून मुलांची नावं जातात!"

बघितलं तर खरंच. मुलींचा शेरा उजव्या कडेला, आणि बरोबर त्याच्या पाठीमागं मुलांची नावं. गुरुजी हवालदिल. "नावं कशी कापायची? मुलांच्या बापांना काय सांगू?"

आई पोत्यावर बसली होती. म्हणाली, "कापा. पोरांची नावं समद्यांना पाठ हायत."

लालमहंमदभाई इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग दांडा ओढला. कापलेल्या चिंध्यांचा ढीग पडला — फिट, घटस्फोट, फटकळ, कोड, 'वकिली तात्पुरती', सगळं एकत्र. आईनं तो पदरात भरून प्रेसमागच्या अंगणातल्या बंबात घातला. उरल्या त्या पुस्तिका बघण्यासारख्या झाल्या — मुलींना शेरे नाहीत आणि मुलांना नावं नाहीत, नुसते निर्व्यसनी.

आज खूप दिवसांनी आई आणि मी एका रिक्षात हसत घरी आलो.

बुधवार, १ डिसेंबर

सगळ्या पुस्तिका आल्या नाहीत. येणारही नाहीत. श्रीरामपूरचं स्थळ परत आलं नाही. डेअरीत कपबशी अजून वेगळीच आहे. बाहेर गेलेलं परत आत जात नाही, हे मला कोणत्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

मग माझा हा कायदा काय कामाचा? नेहमी सगळं झाल्यावर पोहोचायचं आणि चिंध्या गोळा करायच्या? आणि या वाटेनं दुसरा अशील कुठं आहे? एक शुभांगी, ती पण माझ्याच आईमुळं! खर्डेकर सर आज हळूच म्हणाले, "कारखान्याचं घे, पोरी. वेळ आली की सोड." ते चिडवत नव्हते म्हणून जास्त लागलं.

रविवार, १२ डिसेंबर

परिचय मेळावा.

मुली एकेक करून माईकवर येत होत्या, नाव-गाव-शिक्षण सांगून खाली उतरत होत्या. शुभांगीचं नाव पुकारलं. तीच हिरवी साडी! लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले होते.

"शुभांगी सहादेव जगधने. संगमनेर. डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या पाठीवर कोड आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते वाचलंय. खरं आहे ते. पण ते सांगायचं माझं होतं. मला न विचारता सांगितलं गेलं, म्हणून आज मी सांगते. आता ते माझं मी सांगितलेलं आहे."

आणि उतरली. मग तिच्या वडिलांनी टाळी वाजवली, एकट्यांनी. मग माझ्या आईनं. मग बायकांच्या सगळ्या रांगांनी.

मी तर आधी चक्रावलेच. दोन महिने जे झाकायला मी धडपडले ते हिनं माईकवर सांगितलं! पण खाली येऊन ती माझ्याशेजारी बसली, पाणी मागितलं, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं. तिला लपवायचं नव्हतंच कधी. कोणाला, कधी, कसं सांगायचं हे ठरवायचा तिचा हक्क गेला होता, तो तिला परत हवा होता. हाच माझा विषय. पुण्याच्या त्या बाईंनी दोन दिवस सांगूनही इतका स्वच्छ कळला नव्हता.

माझी पाळी आली. म्हटलं, "प्रज्ञा भिंगारदिवे, केडगाव. वकिली करते. लग्नानंतरही करणार." पहिल्या रांगेतल्या दोघांनी खिशातून पेन काढून हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. मलाच असणार. खोडू देत!

परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "माईकवर बोललीस म्हणजे झालंच की." रागानं म्हणाले का कसं, कळलं नाही.

गुरुवार, १६ डिसेंबर

माईकवर बोलणं सोपं आहे. अशील कुठं आहे? कारखान्याला उद्या कळवायचं म्हणून दोन पाकिटं तयार करून टेबलावर ठेवली आहेत, एकावर पेन्सिलनं होकार, एकावर नकार. अण्णांच्या तोंडाकडं बघवत नाही.

शुक्रवार, १७ डिसेंबर

दुपारी दारात लालमहंमदभाई. अंगणातूनच हाक — "बाई हायत का?" आईनं पदराला हात पुसत सांगितलं, "वकीलबाई घरात हायत. बसा." मला ती कधीच असं म्हणाली नव्हती.

भाई म्हणाले, त्यांच्या जमातीच्या शादी कमिटीची यादी पुढच्या महिन्यापासून कॉम्प्युटरवर घ्यायची ठरलीय. "कमिटी म्हणाली, आधी त्या बाईंना भेटून या."

मी घाबरून विचारलं, "काय झालं भाई? काय फुटलं?"

"अजून काही झालं नाही, बेटा. म्हणून तर आलो."

अण्णा खुर्चीतून उठले. नकाराचं पाकीट उचललं, चपला घातल्या आणि पोस्टाकडं गेले.